लाइट गेली, आली, डिम झाली: वादळात घरातल्या विजेचं काय करायचं

मे संपत आला, पहिला वळीव पडला, की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं: "लाइट गेलीय." मी विचारतो, "तुमचीच की सगळ्यांची?" यावर निम्मे लोक गप्प होतात, कारण बाहेर डोकावून कुणी बघितलेलंच नसतं.

मी दापोली तालुक्यात घरगुती वायरिंगची कामं करतो. वीज कंपनीचा माणूस नाही. खांबावर चढायचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्या वर्षी १६ मेला तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून वर सरकलं. त्या दोन पावसाळ्यांत जेवढे जळके बोर्ड आणि टीव्ही हाताखालून गेले, तेवढे आधीच्या दहा वर्षांत गेले नव्हते. तेव्हा लक्षात आलं की अंधारात कुणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लाइट परत येताना. ती अर्धवट येते, जास्त येते, किंवा कुणीतरी शहाणा ती स्वतःच आणायला जातो. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात अंधाराबद्दल कमी आहे आणि परतणाऱ्या लाइटबद्दल जास्त.

आधी बघा, गेलीय कुणाची

शेजारच्या घरात, रस्त्यावर, समोरच्या वाडीत दिवा दिसतोय का? सगळीकडे अंधार असेल तर फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी लाइन, गेलाय किंवा डीपीचा, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडालाय. तिथे आपलं काही काम नाही. फक्त आपल्याकडे अंधार असेल तर मीटरकडे जा. डिस्प्ले चालू असेल तर बहुधा मीटरपर्यंत पुरवठा आहे आणि बिघाड घरातला आहे. डिस्प्लेही गेला असेल तर खांबापासून येणारी सर्व्हिस वायर तुटलीय, किंवा खांबावरचा जोड सुटलाय. ते कंपनीच्या लाइनमनचं काम.

अर्धी वाडी उजेडात आणि अर्धी अंधारात असेल तर एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, गेलाय. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "आमची तार त्या दुसऱ्या फेजवर टाक ना." मी टाकत नाही. एक तर ते बेकायदा, दुसरं म्हणजे सगळ्यांनी हेच केलं की त्या एका फेजवर दुप्पट भार पडतो आणि रात्री तोही जातो.

तक्रार करायची ती १९१२ वर किंवा महावितरणच्या १८००-२१२-३४३५ या टोल फ्री नंबरवर. ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, तो बिलावर आहे. बिल कपाटात आणि कपाट अंधारात, असं होतं. क्रमांक आजच मोबाइलमध्ये आणि मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. तार पडलेली असेल तर जवळच्या खांबाचा नंबर सांगा. "आमच्या घराच्या मागे" म्हटल्यावर शहरातल्या कॉल सेंटरमधल्या मुलीला काय कळणार?

पहिल्या पावसातच का जाते

लोक चिडून विचारतात, अजून वादळ आलंही नाही, चार थेंब पडले आणि लाइट गेली? कारण सोपं आहे. खांबावर जे चिनी मातीचे इन्सुलेटर असतात त्यांच्यावर सात-आठ महिन्यांची धूळ बसलेली असते, आमच्याकडे त्यात समुद्रावरून आलेलं मीठ. कोरडं असतं तोवर चालतं. हलका पाऊस पडला की त्याचा ओला लेप होतो आणि त्यातून वीज खांबाकडे गळायला लागते. शिवाय उन्हात तापलेल्या मातीवर गार पाणी पडलं की बारीक तडा जातो. तो तडा खालून दिसत नाही. लाइनमन पाच किलोमीटर लाइन पायी फिरतो ती हा तडा शोधायला. मुसळधार पावसात इन्सुलेटर धुऊन निघतात, म्हणून जुलैत लाइट जूनपेक्षा कमी जाते. मग लाइट जायचं कारण उरतं ते माडाची झावळ आणि पोफळ.

झावळीबद्दल एक सांगतो. तुमच्या परसातला माड अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर झुकलेला असेल तर कोयता घेऊन स्वतः चढू नका. ओली झावळ तारेला आणि हात झावळीला लागला की संपलं. कंपनीला कळवा. पावसाळ्याआधी लाइन बंद ठेवून फांद्या तोडण्याचं काम ते करतातच, तेव्हा गडग्यावर उभं राहून "आमचा माड कापू नका" म्हणून भांडू नका म्हणजे झालं.

येते, जाते, येते, जाते

वादळात लाइट दोन सेकंद येते आणि जाते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ही कुणाची गंमत नसते. सबस्टेशनवरून फीडर चालू करून बघतात, दोष तसाच असेल तर ब्रेकर पुन्हा पडतो. या झटक्यांत फ्रिजचा कॉम्प्रेसर सगळ्यात जास्त मार खातो, कारण बंद झाल्यावर आतला दाब उतरायला त्याला तीन-चार मिनिटं लागतात आणि त्याआधीच त्याला पुन्हा ढकललं जातं. म्हणून पहिल्यांदा लाइट गेली की फ्रिज, टीव्ही, पंप, वॉशिंग मशीन यांचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. एक दिवा चालू ठेवा, तो लाइट आल्याचं सांगेल. तो दहा मिनिटं स्थिर जळला की मग बाकीचं एकेक लावा.

आणि हेही लक्षात घ्या: ज्या दोन सेकंदांत तुमचा दिवा लागला, त्याच दोन सेकंदांत कुणाच्या तरी शेतात पडलेल्या तारेत वीज आली. तार "मेलेली" आहे असं अर्ध्या तासापूर्वी पाहिलेलं असेल, त्याला काही अर्थ नाही.

डिम आली

हा भाग नीट वाचा. जळण्याच्या बहुतेक केसेस इथल्या आहेत.

लाइट आली, पण पंखा रेंगाळतोय, ट्यूब लागत नाही, जुना पिवळा बल्ब लालसर दिसतोय. शेजारीही तीच रड, आणि कुणाकडेही दिवा जास्त उजळ नाही. बहुतेक वेळा डीपीच्या वरच्या बाजूच्या तीन फ्यूजपैकी एक गेलेला असतो. तसं झालं की खालच्या तीन फेजपैकी एकावर व्होल्टेज नीट राहतं आणि दोनांवर निम्म्यावर येतं, म्हणजे २३० च्या जागी ११०-१२०. एलईडी दिव्याला याचं काही वाटत नाही, तो लागतोसुद्धा, आणि त्यामुळेच माणूस फसतो. "दिवा लागलाय, म्हणजे लाइट आली." तिकडे फ्रिजचा कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता घुमत राहतो आणि तापतो. विहिरीवरचा पंपही तसाच. मोटार जळाल्याचा वास यायला वेळ लागत नाही. डिम लाइटमध्ये एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर एवढंच चालवा. मोटार असलेलं काहीही नको.

आता याच्या उलट प्रकार, आणि हा भयंकर. तुमच्याकडे डिम आहे पण शेजारच्या घरात दिवे डोळे दिपतील इतके लख्ख आहेत. किंवा तुमच्याच घरात पंखा गरगरायला लागला, दिवा पांढराफट्ट झाला, कुठेतरी फट्‌ आवाज झाला. हा न्यूट्रल तुटलाय. त्या क्षणी पळत जाऊन मेन स्विच पाडा. विचार नंतर करा.

होतं काय ते सांगतो. खांबावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, अशा चार तारा येतात. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येकाला आपापले २३० व्होल्ट मिळतात. फांदीने तो तोडला की एका फेजवरचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं घर आपोआप एका माळेत जोडली जातात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट येतात. वाटणी बरोबरीची नसते. समजा तुमच्या शेजाऱ्याकडे १००० वॅटची इस्त्री चालू आहे आणि तुमच्याकडे फक्त १०० वॅटचा बल्ब. तर इस्त्रीला ४० व्होल्टसुद्धा मिळणार नाहीत आणि तुमच्या बल्बवर ३६० च्या आसपास येतील. म्हणजे जो बिचारा काटकसरीने एकच दिवा लावून बसलाय त्याचंच घर जळतं. बोर्डातला एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) यात पडत नाही, कारण तो जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेजला नाही.

तौक्तेच्या वेळी आमच्या वाडीत हेच झालं. रात्री नऊच्या सुमारास लाइट आली, पोरांनी "आली, आली" म्हणून ओरडा केला, आणि वरच्या अंगाच्या काकूंची हाक आली, "अरे, आमचा दिवा बघ कसा सूर्यासारखा पेटलाय!" मी पडवीतूनच ओरडलो, "काकू, मेन पाडा!" त्यांनी पाडला. खालच्या दोन घरांत मात्र लोक टीव्हीवर वादळ कुठे पोचलंय ते बघत होते. एक टीव्ही, एक फ्रिज, सेट टॉप बॉक्स आणि दोन चार्जर गेले. सकाळी पाहिलं तर फणसाची जाडजूड फांदी नेमकी खालच्या तारेवर बसलेली. न्यूट्रल खाली असतो, पहिला मार तोच खातो.

यावर उपाय म्हणून मी आता प्रत्येक घरात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवायला सांगतो. मीटरनंतर, मेन बोर्डात. साधारण २७०-२८० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तो घर तोडतो आणि व्होल्टेज सुधारल्यावर थोडं थांबून स्वतः जोडतो. एका फ्रिजच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. लोक त्याऐवजी प्रत्येक वस्तूला स्टॅबिलायझर लावत बसतात, का ते मला कळलेलं नाही.

न्यूट्रल घरातलाच गेला असेल तर खूण वेगळी. काहीच चालत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. आमच्या भाषेत "रिटर्न येतोय". जुन्या कौलारू घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर किटकॅट फ्यूज असायचे, त्यातला न्यूट्रलचा उडाला की हाच खेळ. अंधार आहे म्हणून माणूस बिनधास्त होल्डरमध्ये हात घालतो आणि तिथे २३० व्होल्ट वाट बघत असतात. न्यूट्रलवर फ्यूज असेल तर तो काढून टाकून घ्या, वायरमनकडून.

पाऊस पडला की आपलीच लाइट जाते

सगळ्यांची आहे, तुमचाच ईएलसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की लाइट तोडणारा स्विच) पडतो आणि वर राहत नाही. पहिली सूचना: त्याला शिव्या देऊ नका आणि तो वगळून तार जोडून घेऊ नका. ३० मिलिअँपिअर गळती झाली की तो पडतो, आणि तेवढ्यावरच माणूस वाचतो.

शोधायची रीत: पाय कोरडे, चप्पल घातलेली. सगळे एमसीबी खाली. आरसीसीबी वर करा. राहिला, तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडेल त्या लाइनवर दोष. ती एक बंद ठेवून बाकी घर रात्रभर चालवता येतं. सगळे एमसीबी खाली असूनही पडत असेल तर घरातले सगळे प्लग काढून पुन्हा बघा. तरीही पडला तर कुठेतरी न्यूट्रल ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगच्या तारेला लागलाय. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल नाही, म्हणून ही गळती अशी सापडत नाही. तिथे थांबा आणि माणूस बोलवा.

माझ्या अनुभवात गुन्हेगार ठरलेले असतात. फाटकावरचा दिवा, वळचणीखालचा होल्डर, विहिरीवरचा स्टार्टर, पडवीतलं वॉशिंग मशीन, दारावरच्या बेलचं बटण. एकदा बटणात मेलेली पाल होती. आणि एक चूक तर घरोघरी: सर्व्हिस वायर खांबावरून तिरकी खाली येते आणि सरळ मीटरच्या पेटीत शिरते. पावसाचं पाणी तारेवरून पन्हळीतून यावं तसं पेटीत येतं. पेटीत शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी त्या झोळाच्या बुडाशी येऊन पागोळीसारखं खाली गळतं. वीतभर तार जास्त लागते. ती वाचवायच्या नादात मीटर जळतो. सर्व्हिस वायरला हात मात्र कंपनीच्या माणसानेच लावायचा, कारण तिच्या आधी मेन स्विच नसतो.

तार पडलीय

दहा मीटर लांब थांबा, म्हणजे साधारण बारा-तेरा पावलं. ठिणग्या उडत नाहीत म्हणून ती बंद आहे असं नाही. ओल्या जमिनीत वीज तारेपासून बाहेर पसरते आणि दोन पावलांमध्येच व्होल्टेजचा फरक पडतो. गुरं आधी मरतात ती याचमुळे, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. चुकून जवळ गेला असाल आणि पायाला मुंग्या आल्या, तर धावू नका. दोन्ही पाय जमिनीवरून न उचलता, जवळजवळ ठेवून, घासत घासत मागे या. तारेचं कुंपण, कपडे वाळत घालायची तार, पत्र्याची शेड यांना पडलेली तार चिकटलेली असू शकते. एवढं बघून घ्या. गाडीवर पडली तर गाडीतच बसा.

कुणाला धक्का बसून चिकटलं असेल तर आधी मेन. मेन सापडत नसेल तर कोरडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून ढकला. हे फक्त घरातल्या लाइनसाठी. अकरा हजारांच्या तारेला काठीही नको. सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. वीज कोसळलेल्या माणसाला लोक हात लावायला घाबरतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. लगेच हात लावा.

स्वतः लाइट आणणारे

दोन जाती. पहिली, लांब कळक घेऊन डीपीचा डीओ फ्यूज (उडाला की खाली लोंबणारा वरच्या बाजूचा फ्यूज) वर टाकणारे. "भाऊ, मागच्या वर्षी मीच टाकला होता, काय झालं?" काही झालं नाही कारण कळक कोरडा होता. लाइनमन सबस्टेशनकडून परमिट घेतो, लाइन बंद करवतो, तारा जमिनीशी जोडतो, मग हात लावतो. तुम्ही डीओ टाकला त्या क्षणी पुढच्या खांबावर कुणी चढलेलं असेल तर?

दुसरी जात, जनरेटरवाले. भाड्याने आणलेला जनरेटर, दोन्हीकडे पिन असलेली वायर, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घराच्या सॉकेटमध्ये. मेन बंद करायला विसरले की ती वीज उलटी खांबावर जाते. डीपी दोन्ही बाजूंनी चालतो: वरून अकरा हजार घालून खाली २३० देतो, तसाच खालून २३० घातले तर वर हजारो व्होल्ट करतो. बंद समजलेल्या लाइनवर तार जोडणारा लाइनमन यात जातो. चेंजओव्हर स्विच बसवा, तो घर एकतर खांबावर नाहीतर जनरेटरवर जोडतो. तो नसेल तर जनरेटरवरून एक्स्टेंशन बोर्ड काढा आणि वस्तू थेट त्यावर लावा. आणि जनरेटर पडवीत नको, पावसात भिजतो म्हणून खोलीत तर मुळीच नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, वर पत्रा टाकून. बंद खोलीत कपडे वाळवायला पेटवलेल्या शेगडीलाही हेच लागू.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी हिशेब: १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची चांगली बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हातात साधारण बाराशे. दोन पंखे आणि चार एलईडी दिवे लावले तर सहा-सात तास. निसर्गनंतर आमच्याकडच्या काही वाड्यांत लाइट यायला आठवडे लागले. अशा वेळी पंखा विसरायचा, दिवे आणि मोबाइल एवढंच. मोबाइलसुद्धा विमान मोडवर ठेवून दिवसातून दोनदा चालू करायचा. टॉवरचीही बॅटरी संपलेली असते, कॉल लागत नाही पण मेसेज कधीकधी जातो.

बाकी किरकोळ

फ्रिज उघडला नाही तर चार तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर उघडला नाही तर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणजे लाइट गेली की "काय आहे बघू" म्हणून दार उघडायचं नाही. कोळंबी आणि दूध पहिल्या संध्याकाळी संपवा. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजबाहेरही काही आठवडे टिकतं. बाटलीच्या कागदावर किती ते लिहिलेलं असतं. उरलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून मातीच्या ओल्या माठात ठेवता येतात. घरात कुणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर वादळाचा इशारा येताच तालुक्याच्या गावी हलवा, लाइट जायची वाट बघू नका.

गडगडायला लागलं की टीव्हीच्या प्लगबरोबर डिशची वायर आणि इंटरनेटची केबलही काढा, निम्मे टीव्ही त्या वाटेने जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. शेतात जाणाऱ्यांनी ते ठेवावंच.

कुणाच्या घरी याव्यतिरिक्त काही विचित्र होत असेल तर विचारताना तीन गोष्टी आधी सांगा: शेजारच्यांची लाइट कशी आहे, आरसीसीबी पडला का, आणि टेस्टर किती भोकांत पेटतो. नुसतं "लाइट गेलीय" म्हणू नका.